छंदाचा ब्रँड होतो तेव्हा नेमकं काय घडतं?

शाईवेडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न मांडतेय, सविस्तर लिहिलंत तर आवडेल.

मी हाताने वह्या बांधते. जुजबंदी शिलाई, कापडी कणा, आणि वही कुठल्याही पानावर उघडली तरी टेबलावर सपाट पडली पाहिजे हा हट्ट. ओळखीतून मागणी वाढत गेली आणि आता जो भेटतो तो म्हणतो, "अगं, याचा ब्रँड कर!" ब्रँड करायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून ज्यांनी आपल्या वेडातून मोठी नावं उभी केली त्यांच्याबद्दल वाचायला लागले.

सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते पॅटागोनिया या अमेरिकी कपड्यांच्या ब्रँडच्या इव्हॉन श्विनार्ड यांनी. हा माणूस मुळात गिर्यारोहक. कातळाच्या भेगेत ठोकून दोर अडकवायचे खिळे म्हणजे पिटॉन. युरोपातले पिटॉन मऊ लोखंडाचे असत, एकदा ठोकले की तिथेच राहत. १९५७ मध्ये त्यांनी भंगारातून कोळशाची भट्टी आणि ऐरण आणली, लोहारकाम स्वतःच शिकले आणि पुन्हा पुन्हा काढून वापरता येतील असे कडक पोलादाचे पिटॉन बनवायला लागले. पहिले पिटॉन घडवले ते कापणी यंत्राच्या जुन्या पात्यातून. गाडीच्या डिकीतून दीड डॉलरला एक असे ते विकत, युरोपातल्यापेक्षा कितीतरी महाग.

पण मला थक्क केलं ते पुढच्या भागाने. १९७० पर्यंत त्यांची कंपनी अमेरिकेत गिर्यारोहणाचं साहित्य पुरवणारी सर्वात मोठी कंपनी झाली होती. त्याच सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की पिटॉन ठोकून-काढून आवडत्या कातळांच्या भेगा फुटताहेत. तेव्हा ज्यावर धंदा उभा होता तीच वस्तू मागे घ्यायची असं त्यांनी ठरवलं. १९७२ च्या कॅटलॉगमध्ये भेगेत हातोडीशिवाय अडकवता येणारे अॅल्युमिनियमचे तुकडे, म्हणजे चॉक, आणले आणि सोबत ते का वापरावेत यावर गिर्यारोहक डग रॉबिन्सन यांचा मोठा लेख छापला. कॅटलॉगमध्ये!

माझं मत असं झालंय, की वेडाचा ब्रँड होतो तो अशा ठिकाणी, जिथे माणूस स्वतःच्या धंद्याला "नाही" म्हणतो. तुम्हाला काय वाटतं? आणि दुसरा प्रश्न, थोडा भीतीचा: धंदा झाल्यावर छंद उरतो का?

अनाहूत

सुरेख धागा. वाचतोय.

चक्रधर

शाईवेडीताई, विषय जिव्हाळ्याचा. मी सायकली दुरुस्त करतो, जुन्या फ्रेम जमवतो आणि दुचाकींच्या इतिहासाचं वेड आहे, त्यामुळे माझं उदाहरण होंडा.

सोइचिरो होंडा म्हणजे इंजिनाने झपाटलेला माणूस. युद्धानंतर १९४६ मध्ये सैन्याच्या वायरलेस संचांसाठी बनलेली छोटी जनरेटर इंजिनं उरली होती, ती त्यांनी सायकलींना जोडली आणि विकली. १९४८ मध्ये होंडा मोटर स्थापन झाली. पण हे सगळं एका पिढीत विरून गेलं असतं, जर १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा आले नसते. विक्री, पैसा, वितरक, बँका हे सगळं फुजिसावांनी सांभाळलं. होंडांनी कारखान्यात रमायचं, फुजिसावांनी हिशेब पाहायचा. १९७३ मध्ये दोघे बरोबरच निवृत्त झाले, हे मला फार भावतं.

१९५४ मध्ये कंपनी आर्थिक अडचणीत असताना होंडांनी जाहीर केलं, की आम्ही आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटारसायकल शर्यतीत उतरणार. १९५९ मध्ये उतरले, १९६१ मध्ये १२५ आणि २५० सीसी दोन्ही गटांत जिंकले. ही घोषणा वेड्या माणसाची. पण तिथपर्यंत कंपनी जिवंत ठेवणं हे फुजिसावांचं काम.

म्हणून तुमच्या मताशी अर्धाच सहमत. "नाही" म्हणायची हिंमत लागतेच, पण ते "नाही" परवडेल अशी घडी बसवणारा दुसरा माणूसही लागतो.

रुजवात

चक्रधर यांना +१. जोडीदाराचं कौतुक कुणी करत नाही.

सूरपेटी

मी थोडा वेगळा सूर लावतो. वेड कशाचं, हे आधी ठरवायला हवं.

लिओ फेंडर यांचं नाव संगीतात माहीत नाही असा माणूस विरळा. त्यांची टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार १९५० च्या सुमारास आली, स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये. आणि या लिओ फेंडरना गिटार वाजवता येत नव्हती! ते रेडिओ दुरुस्त करायचे. वादक आपले अॅम्प्लिफायर घेऊन दुकानात येत, तक्रारी सांगत, आणि हा माणूस कान देऊन ऐकायचा. पोकळ गिटार अॅम्प्लिफायरला जोडली की शिट्ट्या मारते, म्हणून भरीव लाकडाची. मान वाकली किंवा मोडली तर पूर्ण वाद्य वाया जातं, म्हणून मान स्क्रूने बसवलेली, काढून दुसरी लावता येईल अशी. हा विचार वादकाचा नाही, रिपेरी करणाऱ्याचा आहे.

त्यामुळे "मला अमुक करायला आवडतं" हे वेड आणि "अमुक करणाऱ्यांच्या अडचणी सोडवायला आवडतात" हे वेड, यात फरक आहे. ब्रँड बहुतेकदा दुसऱ्यातून उभा राहतो. श्विनार्ड यांच्यात दोन्ही होतं, हा योग दुर्मीळ. शाईवेडी, तुम्हाला वह्या बांधायला आवडतात, की लोकांनी त्यात लिहावं हे आवडतं? प्रामाणिकपणे विचारतोय.

शाईवेडी

सूरपेटी, या प्रश्नाने मला थांबवलं. उत्तर विचार करून देते. बाकीच्यांचे अनुभव येऊ द्यात.

ताळेबंद

मी लोकांचे हिशेब लिहितो, म्हणून थोडं कोरडं लिहीन, राग मानू नये.

पहिलं म्हणजे, आपण जी नावं घेतोय ती उरलेल्यांची. तितक्याच वेडाने काम करून बंद पडलेल्यांवर कुणी लिहीत नाही. त्यामुळे "त्यांच्यात वेड होतं, म्हणून ते मोठे झाले" हे म्हणताना जपावं. वेड बुडालेल्यांतही होतं.

दुसरं, छंदातून धंद्याकडे वळणारे जवळपास सगळेच स्वतःच्या तासांची मजुरी किमतीत धरत नाहीत. कागद, दोरा, कापड, डिंक यांची बेरीज करतात, वर थोडं चढवतात. जोवर स्वतःच करताय तोवर ते खपतं. मदतनीस ठेवायची वेळ आली की कळतं, की आपण ठेवलेली किंमत दुसऱ्या माणसाचा पगार पेलूच शकत नाही. आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला अचानक वाढलेली किंमत सांगणं हे सगळ्यात अवघड काम. श्विनार्डनी पहिल्यापासून महाग विकलं, या गोष्टीकडे ताईंचं स्वतःचंच वाक्य बोट दाखवतंय.

तिसरं, एन्झो फेरारी बघा. त्यांना शर्यती हव्या होत्या. रस्त्यावरच्या गाड्या विकायच्या त्या शर्यतींचा खर्च निघावा म्हणून. तरीही १९६९ मध्ये निम्मा हिस्सा फिआटला द्यावा लागला, आणि शर्यतींचा कारभार मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला. ज्यावर जीव आहे ती वस्तू आणि जिच्यावर घर चालतं ती वस्तू, या दोन असू शकतात. असं वेगळं धरलं की बरीच घालमेल कमी होते.

रानवाटा

ताळेबंद यांच्या तिसऱ्या मुद्द्याला श्विनार्ड यांच्याच गोष्टीत मोठा पुरावा आहे. मी कातळ चढतो, त्यामुळे हा भाग आमच्या मंडळींत नेहमी निघतो.

पॅटागोनिया म्हणजे कपडे. ते गिर्यारोहणाच्या साहित्याला हातभार म्हणून सुरू झाले. १९७० मध्ये स्कॉटलंडहून श्विनार्ड एक रग्बीचा शर्ट घेऊन आले, त्याची कॉलर जाड असल्याने खांद्यावरच्या साहित्याच्या पट्ट्या मानेला काचत नव्हत्या. मित्रांनी विचारलं कुठे मिळाला, मग ते मागवून विकायला लागले. १९७३ पासून कपड्यांना पॅटागोनिया हे वेगळं नाव.

आणि ज्याच्यावर खरा जीव होता तो साहित्याचा धंदा? श्विनार्ड इक्विपमेंट १९८९ मध्ये दिवाळखोरीत गेली. अपघातांनंतर भरपाईचे दावे आणि विम्याचा खर्च, यात ती टिकली नाही. कामगारांनी आणि इतर काहींनी मिळून ती विकत घेतली, तीच आजची ब्लॅक डायमंड. आज माझ्या हार्नेसला लटकणारं निम्मं साहित्य त्यांचं आहे.

म्हणजे भट्टीतून निघालेलं वेड एका कंपनीत गेलं आणि त्यामागचा स्वभाव दुसऱ्या कंपनीत. लोक ज्याला पॅटागोनियाचा ब्रँड म्हणतात तो हा स्वभाव आहे. १९९६ पासून सगळा कापूस सेंद्रिय. २०११ मध्ये ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे अमेरिकेतल्या ऐन खरेदीच्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये "हे जॅकेट विकत घेऊ नका" अशी पूर्ण पानाची जाहिरात. चॉकच्या कॅटलॉगपासून या जाहिरातीपर्यंत सरळ रेघ ओढता येते, आणि म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. पहिल्यांदाच कुणी अशी जाहिरात दिली असती तर ती क्लृप्ती वाटली असती.

अनाहूत

दिवाळखोरीचं माहीत नव्हतं. धन्यवाद रानवाटा.

हिमालयन_मैना

मी एक बाजू मांडते जी अजून आली नाही. कित्येकदा वस्तू तयार असते, पण ती वापरायची जागाच नसते.

बर्फावर एका फळीवर उभं राहून घसरायचा स्नर्फर हा खेळ १९६५ मध्ये शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी बनवला. जेक बर्टन कारपेंटर लहानपणी त्याच्यावर खेळलेले. १९७७ मध्ये त्यांनी व्हर्मॉन्टमध्ये बर्टन कंपनी काढली. अडचण अशी, की स्कीची मैदानं स्नोबोर्डवाल्यांना आतच घेत नसत. फळी घेऊन जाणार कुठे? मग एकेका मैदानाच्या व्यवस्थापनाशी बोलत राहणं, आम्ही कुणाला धडकत नाही हे दाखवणं, स्पर्धा भरवणं हे सगळं त्यांना करावं लागलं. तिथल्या स्ट्रॅटन पर्वतावरच्या स्की मैदानाने १९८३ मध्ये दार उघडलं. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग आलं. आधी खेळ रुजवला, मग फळ्या खपल्या.

नायकीच्या बिल बोवरमन यांचंही तसंच. ते धावपटूंचे प्रशिक्षक. सर्वसामान्य माणसाने आरोग्यासाठी धावावं हा विचार त्यांनी न्यूझीलंडमध्ये पाहिला आणि अमेरिकेत परतून लोकांना धावायला शिकवलं, १९६७ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. ज्या देशात रस्त्यावर धावणारा मोठा माणूस लोकांना विचित्र वाटायचा, तिथे बूट विकण्याआधी धावणं रुजवणं आलंच.

त्यामुळे शाईवेडी, तुमच्याकडे लिहिणारी माणसं जमतात का? लोक हाताने लिहीत राहिले तर वह्या लागतील.

चक्रधर

मैनाताई, बोवरमन म्हटल्यावर वॉफलच्या साच्याचा किस्सा सांगितलाच पाहिजे. १९७१ मध्ये बुटाचा तळवा कसा असावा या विचारात असताना घरातला वॉफलचा चौकोनी खाचांचा साचा दिसला आणि त्यांनी त्यात युरेथेन हे रबरासारखं रसायन ओतलं. साचा कायमचा चिकटून बसला. घरातल्यांचा नाश्ता गेला, जगाला नवा तळवा मिळाला!

रुजवात

हाहा! अशा घरात राहणाऱ्यांनाही भागीदारी द्यायला हवी.

कोरीव

वह्यांचा विषय आहे तर मोलस्किनबद्दल कुणीच कसं बोललं नाही? १९९७ मध्ये मिलानच्या मोदो अँड मोदो या छोट्या कंपनीने ती वही बाजारात आणली. प्रेरणा मिळाली ब्रूस चॅटविन या प्रवासलेखकाने केलेल्या आपल्या आवडत्या, मिळेनाशा झालेल्या वह्यांच्या वर्णनातून. गोल कोपरे, इलॅस्टिकची पट्टी, मागे कप्पा. बांधणीत चमत्कार नव्हता. पण प्रत्येक वहीत एक चिठ्ठी असायची, तिच्यात कलावंत-लेखकांच्या परंपरेची गोष्ट. लोकांनी ती गोष्ट खिशात ठेवली.

माझा मुद्दा: तिथे कारागिराचं वेड नव्हतं, तरी ब्रँड झाला आणि जगभर झाला. मग वेड हवंच कशाला?

सूरपेटी

कोरीव, मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. ती गोष्टही कुणाच्या तरी वेडातूनच आली, फक्त ते वेड चॅटविन यांचं होतं. गोष्ट उसनी घेता येते, पण टीका होते तेव्हा उभं राहायला घरचं काहीतरी लागतं. सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडरची कंपनी घेतल्यावरही गिटारी विकल्या गेल्या, नाव तेच होतं. पण वादक आजही "सीबीएसच्या आधीची" आणि "नंतरची" असा भेद करतात. गिऱ्हाईक हे बारकावे ओळखतं.

अनवट

आता अनुभवाचं. मी चामड्याच्या पिशव्या करते आणि त्यावर माझं घर चालतं. "छंद उरतो का" या प्रश्नाचं उत्तर इथे सगळे टाळताहेत, म्हणून लिहिते.

जो छंद सुरुवातीला होता तो तसाच उरत नाही. मला शिवताना जी शांतता मिळायची ती आता क्वचित मिळते, कारण शिवणं दुसऱ्या मुली करतात. माझा वेळ जातो चामडं निवडण्यात, टाके तपासण्यात, उशीर झालेल्या मालाबद्दल बोलण्यात. पण चामडं हातात घेऊन कुठला भाग पट्ट्याला चालेल आणि कुठला फक्त अस्तराला, हे ओळखण्यात आता इतका आनंद मिळतो, की तो शिवण्यापेक्षा कमी आहे असं मी म्हणणार नाही. एखाद्या मुलीचा हात बसतो आणि तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ येतो, तो आनंद तर मला एकटीला बसून कधीच मिळाला नसता.

ज्याने खरंच जीव जातो ते वेगळंच आहे: "जरा असं करून द्या ना". प्रत्येकाला एक कप्पा जास्त, एक बक्कल वेगळं. हौशी असताना आपण आनंदाने हो म्हणतो. धंद्यात प्रत्येक बदलासाठी नवा नमुना, नवं कापणं. मी जेव्हा ठरवलं, की इतकेच प्रकार, इतकेच रंग, तेव्हा काही माणसं दुखावली आणि मला पुन्हा कामात रस यायला लागला. शाईवेडी म्हणतात ते "नाही" मला इथे सापडलं. त्यात पर्यावरण वगैरे काही मोठं नव्हतं.

ताळेबंद

अनवटताई, हा प्रतिसाद प्रत्येक नव्या उद्योजकाला वाचायला द्यायला हवा.

मध्यरात्र

वाचून एक प्रश्न पडला. विकून टाकल्यावर काय? अनिता रॉडिक यांनी १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये बॉडी शॉप हे सौंदर्यप्रसाधनांचं दुकान सुरू केलं. बाटल्या पुरेशा नव्हत्या, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याच पुन्हा भरून न्याव्यात, ही काटकसर पुढे तत्त्व झाली. प्राण्यांवरच्या चाचण्यांना विरोध हा त्या दुकानाचा चेहरा. २००६ मध्ये कंपनी लॉरिअलने ६५ कोटी पौंडांहून जास्त किमतीला घेतली, आणि ज्यांनी विश्वासाने साबण घेतले होते त्यांच्यापैकी अनेकांना ते फार लागलं. पुढच्याच वर्षी रॉडिक गेल्या. नंतर कंपनी हातोहात फिरली आणि २०२४ मध्ये तिचा ब्रिटनमधला धंदा देणी फेडता न आल्याने प्रशासकांच्या ताब्यात गेला.

बेन अँड जेरीज या आइस्क्रीमवाल्यांनी २००० मध्ये युनिलिव्हरला विकताना सामाजिक भूमिकांसाठी स्वतंत्र संचालक मंडळ करारात घालून घेतलं. तरी वाद व्हायचे ते झालेच आणि २०२५ मध्ये जेरी ग्रीनफिल्ड स्वतःच्या नावाच्या कंपनीतून बाहेर पडले. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

सूरपेटी

नावाचं म्हणत असाल तर बॉब मूग यांचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. सिंथेसायझरला ज्यांचं नाव लागलं ते मूग. पोरवयात थेरेमिन, म्हणजे हात न लावता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, बनवता बनवता १९६४ मध्ये त्यांनी तो सिंथेसायझर उभा केला. कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली, १९७७ मध्ये ते बाहेर पडले, आणि मग स्वतःच बनवलेल्या वाद्यांवर स्वतःचं नाव लावायचा हक्क त्यांच्याकडे नव्हता. बिग ब्रायर या नावाने काम करत राहिले. नावाचा हक्क परत मिळाला २००२ मध्ये, आणि २००५ मध्ये ते गेले.

म्हणून शाईवेडी, वह्यांना स्वतःचं नाव देणार असाल तर त्या नावाचा ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे, तुमच्या की कंपनीच्या, हे पहिल्या दिवशीच नीट लिहून ठेवा.

शाईवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचला पूर्ण धागा.

सूरपेटी यांच्या प्रश्नाचं उत्तर: मला वही सपाट उघडावी असं वाटतं ते लिहिणाऱ्याच्या हातासाठी. कण्याजवळ पान फुगलं की ओळ तिरकी जाते, डावखुऱ्यांना तर जास्तच त्रास. लोक तिथे लिहायचं सोडून देतात. हे मला मनापासून खुपतं. म्हणजे मी बहुधा तुमच्या दुसऱ्या प्रकारात.

त्यामुळे ठरवलंय, की एकच आकार, दोन प्रकारचे कागद. नावं कोरणं, लग्नाच्या भेटी, कप्पे, हे सगळं बंद. अनवटताई, तुमचं वाचून हे लिहायचं धाडस झालं. किमतीत माझे तास धरणार, ताळेबंद, वचन. आणि मैनाताई, महिन्यातून एकदा नुसतं एकत्र बसून लिहिण्यासाठी माणसं बोलवायची, ही कल्पना तुमच्यामुळे सुचली.

फुजिसावा मात्र अजून सापडलेले नाहीत.

कोरीव

दोन कागद कुठले ते सांगा, पहिली वही माझी. माझं मत बदललेलं नाही, चिठ्ठी मात्र आत ठेवाच.

मध्यरात्र

माझा प्रश्न अजून शिल्लक आहे. विकायचं नाही, शेअर बाजारात जायचं नाही, मग पुढे कंपनी कुणाकडे?

रानवाटा

श्विनार्डनी सप्टेंबर २०२२ मध्ये जे केलं ते बघा. मतदानाचा अधिकार असलेले शेअर, एकूण शेअरच्या २ टक्के, एका ट्रस्टकडे दिले. कंपनीची दिशा कुणी बदलू नये ही त्या ट्रस्टची जबाबदारी. उरलेले ९८ टक्के, ज्यांना मत नाही, ते निसर्गरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे गेले. पुन्हा धंद्यात घातल्यावर उरणारा नफा तिकडे जातो. मत एकीकडे, पैसा दुसरीकडे, आणि दोन्हीकडून विकायची वाट बंद.

ताळेबंद

मोठ्या कंपनीला हे जमतं, एकट्या माणसाला इतकी यंत्रणा झेपणार नाही. पण त्यातलं मर्म लहान धंद्यालाही घेता येतं. भागीदार घेताना करारात तीन गोष्टी लिहा: वस्तूचा दर्जा बदलायचा असेल तर दोघांची लेखी संमती लागेल, एकाला हिस्सा विकायचा असेल तर आधी दुसऱ्याला विचारायचं, आणि नाव कुणाचं. शाईवेडीताई, फुजिसावा भेटले की सही करण्याआधी मसुदा मला पाठवा, बघून देतो.